समोरून येणारा नवरदेव

माझ्या जाऊबाईंनी मला जन्मात दोनच फिजिक्सचे प्रश्न विचारले. पहिल्याचं उत्तर मी अगदी बरोबर काढलं आणि त्यामुळे आमची अख्खी वरात संत्र्याच्या बगीच्यात शिरली. दुसरा त्यांनी त्या बगीच्यात बसून विचारला.

पहिला प्रश्न असा. सौंसरहून एक नवरदेव पांढुर्ण्याला निघतो. त्याच सकाळी दुसरा नवरदेव पांढुर्ण्याहून सौंसरला निघतो. मुहूर्त दोघांचा जवळपास एकच, रस्ताही एकच. तर दोघांनी एकमेकांचं तोंड न पाहता आपापल्या मांडवात कसं पोचावं?

पहिला नवरदेव म्हणजे माझा पुतण्या, जाऊबाईंचा धाकटा मुलगा. दुसरा कोण, ते आम्हाला ठाऊक नव्हतं आणि जाऊबाईंना ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. त्या त्याला नुसतं 'समोरचा' म्हणत. जणू तो लग्नाला नाही, आमच्यावर चाल करून येत होता.

बातमी आणली मंडपवाल्यानं. आमच्या दारात बांबू रोवता रोवता तो म्हणाला की त्याच दिवशी पांढुर्ण्याहून एक वरात सौंसरात येते आहे, तिथलाही मांडव त्याचाच, म्हणून जरा घाईत आहे. त्याला वाटलं, आपण कामाची घाई सांगतो आहोत. आत जाऊबाईंच्या हातातलं सूप तिथेच थांबलं.

त्याचं कारण सांगायला हवं, नाहीतर तुम्ही हसाल. आमच्याकडे मानतात की एका वाटेवर दोन नवरदेव समोरासमोर येऊ नयेत. आलेच, तर दोन्ही गाड्या थांबवायच्या, नारळाची अदलाबदल करायची आणि मग पुढे जायचं. जाऊबाईंच्या मोठ्या मुलीची पाठवणी झाली तेव्हा लोधीखेड्याच्या रस्त्यावर समोरून दुसरी वरात आली. दोन्ही ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले आणि सुसाट निघून गेले. जाऊबाईंनी मुद्दाम गाडीत ठेवलेला नारळ गाडीतच राहिला. पुढे ते लग्न टिकलं नाही. मुलगी परत आली, शिकली, छिंदवाड्याला नोकरीला लागली, आता ऐटीत राहते. पण जाऊबाईंच्या मनात तो नारळ तसाच पडून होता. आता धाकट्याच्या वेळी पुन्हा तीच वाट, पुन्हा तोच समोरचा.

रात्रीची भांडी आवरल्यावर त्यांनी मला गाठलं. "अवं, तू गाड्याचे गणितं शिकवतं ना पोट्ट्याइले? हा कुठी भेटन ते काढून दे."

मला गुदगुल्याच झाल्या. मी सौंसरच्या एका शाळेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, आणि सापेक्ष वेग हा माझा सगळ्यात लाडका भाग. आमची पुस्तकं हिंदी, त्यात त्याला 'आपेक्षिक वेग' म्हणतात. पोरं 'रिलेटिव्ह' म्हणून मोकळी होतात. मी त्या दिवशी खडूला हातच लावत नाही. दोघांना उभं करते. एकानं फळ्याकडून दाराकडे चालायचं, दुसऱ्यानं दाराकडून फळ्याकडे. मग पहिल्याला म्हणते, तू स्वतःला थांबलेला समज, आता सांग समोरचा कसा दिसतो? तो म्हणतो, "अंगावर येऊन राहिला, मॅडम." झाली व्याख्या. समोरासमोर येणाऱ्यांच्या वेगांची बेरीज, एका दिशेनं जाणाऱ्यांची वजाबाकी. मग दोघांना खांद्याला खांदा लावून सारख्या चालीनं चालवते आणि विचारते, आता? आता शेजारचा थांबलेला दिसतो. मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणतं, "पण मॅडम, चालून तं दोघंही राहिले." त्या 'पण'ची मी वर्षभर वाट पाहते.

कारण तो 'पण' माझाही आहे. लहानपणी रामाकोन्याहून बसनं सौंसरला यायचे तेव्हा काठाच्या बाभळी मागे पळायच्या, त्यांच्यामागचे बगीचे सावकाश सरकायचे, आणि लांबचे डोंगर तर चक्क आमच्याबरोबर यायचे. मी कंडक्टरला विचारलं होतं, आपण जातो आहोत की झाडं? तो म्हणाला, "तिकीट तू काढलं, झाडानं नाई." बस हसली. मी मात्र खिडकीला नाक लावून बसले. तिकिटानं प्रश्न मिटतो हे मला तेव्हाही पटलं नाही आणि फिजिक्सची डिग्री घेतल्यावर तर मुळीच नाही.

तर जाऊबाईंचं गणित. मी ओट्यावर रंगमंच मांडला. इकडचं टोक सौंसर, गॅसजवळचं पांढुर्णा. आमचा नवरदेव म्हणजे स्टीलची वाटी, समोरचा म्हणजे पितळेची. अंतर चाळीस किलोमीटर धरलं. खरं थोडं इकडेतिकडे असेल, पण फिजिक्समध्ये रस्ता नेहमी सोयीचा असतो. दोन्ही गाड्या ताशी चाळीसनं. आता स्टीलची वाटी थांबलेली समजा, मी म्हटलं, म्हणजे पितळेची ऐंशीनं येते. चाळीस किलोमीटर, ताशी ऐंशी. अर्ध्या तासात भेट, बरोबर मधोमध.

जाऊबाईंनी पितळेची वाटी उचलून स्वतःकडे ओढली. "थांबलेली कावून समजायची? आपला पोरगा तं जाऊन राहिला."

"गणित सोपं होतं म्हणून, बाई. कोणालाही थांबलेलं समजता येतं. उत्तर तेच."

हे त्यांना अजिबात आवडलं नाही. लग्नाच्या दिवशी आपला पोरगा थांबलेला समजणं हे कसलं शिक्षण. मग मी खरा हुकमी पत्ता काढला. ताशी ऐंशी म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. समोरच्या गाडीतलं तोंड ओळखू येतं ते फार तर वीस मीटरवरून. म्हणजे दोन नवरदेव एकमेकांना दिसले, तरी पुरतं एक सेकंदसुद्धा दिसणार नाहीत. "पापणी लवली की संपलं," मी म्हटलं आणि वाट्या एकमेकींशेजारून अशा झपकन नेल्या की एक ओट्यावरून खालीच गेली.

जाऊबाईंनी ती उचलली, पुसली, आणि शांतपणे विचारलं, "नजर लागाले किती वेळ लागते?"

मी दोन्ही वाट्या पुन्हा आपापल्या टोकाला मांडल्या.

नवरदेव तेवढ्यात पाणी प्यायला आला. तो म्हणाला, मी गाडीत मोबाईलमध्ये तोंड घालून बसतो, मला बायकोही दिसणार नाही. त्याला दोघींनी मिळून बाहेर काढलं.

मग आम्ही वेळ बदलून पाहिली. आपण तासभर आधी निघालो तर? तर ते निघायच्या आत आपण पांढुर्ण्यात. पण ते कधी निघणार? इथे माझं सगळं शास्त्र लंगडं पडलं. पुस्तकातल्या गाड्या ठरल्या वेळी सुटतात. वरात कधी सुटते? नवरदेव गाडीत बसला तेव्हा, की रुसलेला जावई बसला तेव्हा, की भरलेल्या बसमधून उतरून कुणीतरी विसरलेली पेटी आणली तेव्हा? घड्याळाचा आरंभच ठाऊक नसेल तर बेरीज-वजाबाकी काय चाटायची. मी वर्गात पोरांना सांगते तेच स्वतःला सांगितलं: समोरच्याचा वेग आपल्या हातात नाही, आपला आहे. जे आपल्या हातात आहे ते बदला.

आणि उत्तर सापडलं. रस्ता. मोठा रस्ता सोडून शेतांमधून दोन-चार गावं करत जाणारा एक आतला रस्ता आहे, एकच गाडी जाईल एवढा. कापूस आणि संत्रा काढायच्या दिवसांत त्यावर पिकअप धावतात, पण वरात त्या वाटेनं कधी जात नाही. समोरच्यानं कधीही निघावं, कितीही वेगानं यावं. तो त्या रस्त्यावर, आपण या रस्त्यावर. दोन रेघा एकमेकींना भेटतच नाहीत.

जाऊबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे, मी खरंच काहीतरी शिकले आहे, अशा नजरेनं पाहिलं. तरी सावधगिरी म्हणून त्यांनी नारळ घेतलाच.

लग्नाच्या सकाळी आमची गाडी पुढे आणि पाहुण्यांची बस मागे. गाडीत ड्रायव्हरजवळ पुतणी, म्हणजे छिंदवाड्याहून आलेली मोठी मुलगी; मागे खिडकीशी जाऊबाई, मध्ये नवरदेव, इकडून मी. नवरदेवाच्या मुंडावळ्यांवरून जाऊबाईंनी शेला असा ओढून दिला होता की त्याला फक्त स्वतःचे बूट दिसत. आतल्या रस्त्यावर वळलो तशा त्या जरा सैल झाल्या. दोन्ही बाजूंना मृगाच्या बहाराची संत्री लटकली होती, वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेके. मी खिडकीतून जुना खेळ खेळत होते. जवळची झाडं पळत होती, लांबची रेंगाळत होती. मला फार बरं वाटत होतं. गणित सुटल्यावर ज्याला असं वाटतं त्यालाच ते कळेल.

नाल्यावरचा रपटा, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल, ओलांडला, एक वळण घेतलं आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

समोर फुलांनी मढलेली गाडी. तिच्यामागे बस.

दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या. माझ्या डोक्यात, देवाशपथ, पहिला विचार आला तो हा: सापेक्ष वेग शून्य. दुसरा विचार जाऊबाईंकडे बघून आला आणि तो सांगण्यासारखा नाही.

त्यांनी एका हातानं मुलाच्या डोक्यावरचा शेला आणखी खाली ओढला आणि दुसऱ्या हातानं नारळ धरला, घट्ट. पुढच्या सीटवरून पुतणीनं मागे वळून पाहिलं.

समोरच्या गाडीतून एक तरुण मुलगी उतरली. पैठणी सावरत, कपाळावर आठ्या, भांडायच्या पूर्ण तयारीनं ती आमच्या खिडकीशी आली, वाकली, आणि तिचा चेहराच बदलला.

"मॅडम? तुम्ही?"

चार-पाच वर्षांपूर्वीची माझी विद्यार्थिनी. पांढुर्ण्याची, सौंसरला मामाकडे राहून शिकली. समोरचा नवरदेव तिचा भाऊ. मी विचारलं, तुम्ही इकडून कशाला आलात, मोठा रस्ता काय झाला? तिनं सांगितलं. मंडपवाल्यानं त्यांच्याकडेही बांबू रोवता रोवता तीच बातमी दिली होती. सौंसरहून एक नवरदेव समोरून येतो आहे म्हटल्यावर तिच्या आईनं अन्नच सोडलं. मग तिनं कागद घेतला. आधी आपल्याला थांबलेलं समजलं, मग समोरच्याला. ते सौंसरवाले वेळेवर निघतील याचा काही भरोसा नाही, हेही तिनं धरलं होतं.

"मंग मी म्हटलं, समोरच्याचा वेग आपल्या हातात नाई. तुमचंच वाक्य, मॅडम. मंग रस्ताच बदलला."

माझ्या शेजारी आमच्या नवरदेवाला शेल्याच्या आत ठसका लागला. तो हसत होता.

मी इतकी वर्षं शिकवते आहे की दोघांपैकी कुणालाही थांबलेलं समजा. आमच्या नजरेत ते समोरून येणारे, त्यांच्या नजरेत आम्ही. हे मी शेकडो पोरांकडून घोकून घेतलं आणि स्वतःच्या ओट्यावर विसरले. तिकडेही एक ओटा असेल, तिकडेही कुणी वाट्या सरकवत असेल, आणि ती वाट्या सरकवायला माझ्याकडूनच शिकलेली असेल, हे एकदाही मनात आलं नाही. मोठ्या रस्त्यानं गेलो असतो तर एका सेकंदाच्या आत सुटलो असतो. दोन्हीकडच्या शहाणपणानं आम्हाला इथे आणून उभं केलं.

आता पुढे जाता येईना, कारण रस्ता एका गाडीचा. मागे जाता येईना, कारण मागे बस आणि बसमागे रपटा. समोरच्यांच्या मागेही तसंच वळण. दोन्ही बसमधून माणसं उतरू लागली. कुणीतरी कुणालातरी, तुमच्या ड्रायव्हरला डोळे आहेत का, असं विचारलं. तिकडून उत्तर आलं की आहेत, पण तुमच्या नवरदेवासारखे झाकले नाहीत.

जाऊबाई काचेतून समोर पाहत होत्या. मीही पाहिलं. समोरच्या गाडीत, मागच्या खिडकीशी, हिरव्या शालूतली एक बाई बसली होती. शेजारी एक नवरदेव, डोक्यावरून खालपर्यंत उपरणं. बाईच्या मांडीवर नारळ, दोन्ही हातांनी धरलेला, तशाच घट्ट मुठीत.

"तिनंबी झाकलं," जाऊबाई पुटपुटल्या.

पुतणी पुढून म्हणाली, "आई, माझं लग्न काही त्या गाडीनं नाई मोडलं. त्यानं मोडलं. हे तुले मी किती वेळा सांगू?"

हे ती खरंच अनेकदा सांगत आली होती. जाऊबाई दर वेळी ऐकत आणि विषय बदलत. या वेळी गाडी थांबलेली होती, विषय बदलायला खिडकीबाहेर काही पळत नव्हतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हाव. पण तवा कोणी उतरलं तं पाह्यजे होतं."

आणि त्या उतरल्या. तिकडून हिरवा शालू उतरला. दोघी दोन बॉनेटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभ्या राहिल्या, एकमेकींना कुंकू लावलं आणि नारळ बदलले. मला वाटलं आता मंत्र म्हणतील की काय. पण तिकडच्या बाईंनी विचारलं, सून काय करते? जाऊबाईंनी सांगितलं, नर्स आहे. यांनी विचारलं, तुमची? त्या म्हणाल्या, अजून शिकून राहिली. मग दोघींनी आपापल्या मुलांबद्दल ज्या तक्रारी केल्या त्या दोन्ही नवरदेवांना शेल्या-उपरण्याच्या आतून नक्की ऐकू आल्या.

मुहूर्ताची वेळ सरकत होती. कोणी मागे घ्यायचं यावर पुरुषमंडळी अजून भांडत होती. दोन्ही बाजू आता मानानं, आधी तुम्ही जा म्हणून भांडत होत्या, आणि ते भांडण कधीच संपत नाही. शेजारच्या बगीच्यात संत्र्याची तोड चालू होती, पेट्या भरायला ट्रक आत घ्यावे लागतात म्हणून फाटक रुंद होतं. जाऊबाईंनी फाटकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तूच सांगतलं ना, एकानं थांबलेलं समजायचं? मंग आपण थांबू. ह्याइले जाऊ दे."

तोडणाऱ्या बायकांनी फाटक उघडलं. आधी आमची गाडी आत गेली, मग आमची बस; तिला वळवून आत घ्यायला अर्धं गाव लागलं असतं, पण दोन वरातींची मिळून तेवढी माणसं होतीच. आम्ही रस्त्याला लागून, झाडांच्या सावलीत, गाडीत बसून राहिलो. ड्रायव्हर उतरून संत्रं सोलू लागला.

समोरच्या नवरदेवाची गाडी आमच्या खिडकीशेजारून निघाली, माणूस चालतो त्या चालीनं. जाऊबाई ज्याला घाबरत होत्या ते सगळं आता होत होतं, आणि एका सेकंदात नाही, चांगलं निवांत. त्यांनी मुलाच्या डोक्यावरचा शेला मागे सारला.

"तोंड उघड बाप्पा. पाहू दे त्याले."

तिकडच्या काचेतही उपरणं वर झालं. दोन घामेजलेले नवरदेव, मुंडावळ्यांच्या दोऱ्यांमधून, परीक्षेच्या हॉलबाहेर भेटलेल्या पोरांसारखे एकमेकांकडे बघून हसले. माझी विद्यार्थिनी हात हलवत गेली. तिला किती मार्क द्यावेत याचा मी अजून विचार करते आहे.

मग त्यांची बस आली. लांबलचक, आमच्या काचेला जवळजवळ घासून. खिडक्या, माणसं, खिडक्या, पत्रा, सगळं सावकाश एका बाजूनं दुसरीकडे सरकू लागलं. काच भरून दुसरं काही दिसेचना. जाऊबाईंनी एकदम पुढची सीट धरली.

"अवं, थांबव त्याले, आपली गाडी पुढं चालली."

मी दुसऱ्या काचेकडे बोट दाखवलं. ड्रायव्हर झाडाला टेकून संत्र्याच्या बिया थुंकत होता. झाड जागेवर, टेका जागेवर. जाऊबाईंनी तिकडे पाहिलं, परत बसकडे पाहिलं. त्यांचा हात सीटवरून सुटेना.

"पाह्यलं तं आपणच जाऊन राहिलो."

"तेही खरं आहे, बाई."

"आन् ते थांबले?"

"तेही."

बसची शेवटची खिडकी गेली आणि मोकळा रस्ता उन्हात लख्ख दिसला. जाऊबाईंनी मांडीवरचा परका नारळ जरा फिरवून पाहिला, आणि मागच्या बाकावरच्या पोरानं विचारावं तसं विचारलं, "दोन्ही कसं खरं असन?"

मी खूश होऊन तोंड उघडलं, तेवढ्यात पुतणी म्हणाली, काकू, आधी लग्न लावू.